पांचशें कंठ

वकिलीची सनद मिळविल्यावरहि शाळेचा हेडमास्तरच राहिलेला मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं. ह्याच्या उलट मात्र आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. दिवसां वर्गांत भूगोल शिकवावा, रात्रीं दिव्याशीं बसून कायद्याचीं पुस्तकें वाचावीं, आणि सनद हातीं येतांच अंगावरची खडूची धूळ झटकून कचेरीची पायरी चढावी, असे आमचे दोन सहकारी आमच्या डोळ्यांदेखत गेले. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. मास्तरांच्या पगारांत घर कसें चालतें हें मास्तरांस न विचारतां त्यांच्या घरच्या मंडळीस विचारावें! परंतु ह्याच कारणामुळें जेम्स वेल्डन जॉन्सन ह्या अमेरिकन गृहस्थांचें चरित्र वाचीत असतां एका ठिकाणीं आम्ही थबकलों आणि तें पान पुन्हां वाचलें. हे गृहस्थ वकील झाले तेव्हां एका शाळेचे मुख्य होते; आणि वकील झाल्यावरहि ते शाळेंत येतच राहिले. पुढें आपल्या गांवच्या शाळकरी मुलांसाठीं त्यांनीं जें एक गाणें रचिलें, त्याची हकीकत ह्या वार्षिकाच्या वाचकांस सांगावी असें फार दिवसांपासून आमच्या मनांत होतें.

जॉन्सन ह्यांचा जन्म १७ जून १८७१ रोजीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत जॅक्सनव्हिल ह्या शहरीं झाला. विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडावा. दक्षिणेकडे समुद्रांत जिभेसारखी जी भूमि लोंबतांना दिसते तीच फ्लॉरिडा. तिच्या वरच्या अंगास सेंट जॉन्स नदीच्या कांठीं हें शहर आहे. गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन तेव्हां अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. महाराष्ट्रांतील वाचकांस ती गोष्ट अगदींच परकी नाहीं. जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सज्जनांस अर्पण केलें, ते हे गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेले लोक होत. पण बेडी तुटली म्हणजे वाट मोकळी झाली असें होत नाहीं. काळ्या मुलांच्या शाळा निराळ्या, आणि त्याहि आठव्या इयत्तेंत संपणाऱ्या. पुढें शिकावयाचें तर गांव सोडावें लागे.

जॉन्सन ह्यांचे वडील एका मोठ्या हॉटेलांत वाढप्यांचे मुख्य होते. आई हेलन बहामा बेटांतून आलेली. ती शिक्षिका होती आणि तिला गाण्याबजावण्याचें चांगलें अंग होतें. लिंकनच्या युद्धमंत्र्यांचें नांव दिलेल्या ज्या स्टँटन शाळेंत ती शिकवीत असे, तेथेंच तिचीं मुलें शिकलीं. थोरला जेम्स, धाकटा रोझमंड, त्याच्याहून दोन वर्षांनीं लहान. धाकट्यानें पुढें बोस्टनला जाऊन संगीताचें शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलें. थोरला अॅटलांटा विद्यापीठांत गेला. हें विद्यापीठ अमेरिकन मिशनरी असोसिएशन नांवाच्या संस्थेनें, यादवी युद्ध संपतांच, नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांसाठीं काढिलें होतें. मिशनच्याच हाताखालीं शिकून पदवीधर झालेल्या आमच्यासारख्यास त्या विद्यापीठाचें वर्णन वाचतांना घरच्यासारखें वाटतें: तीच पहांटेची घंटा, तीच प्रार्थना, तेंच गुरुजनांचें कडक पण मायेचें शासन. सुटींत जॉन्सन जॉर्जिया संस्थानांतील खेड्यांत जाऊन मुलांस शिकवीत. विद्यापीठाच्या चौघां गायकांच्या मेळांतहि ते असत. हा मेळ उत्तरेकडे गांवोगांव गाऊन विद्यापीठासाठीं पैसा जमवी. म्हणजे गाणें ही त्यांच्या शिक्षणाची शोभा नव्हती; त्याच्यावर शिक्षणाचा खर्च चालत होता.

१८९४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ते पुन्हां स्टँटन शाळेंत आले, ते मुख्याध्यापक म्हणून. त्यांनीं तेथें काय केलें तें शाळामास्तरांनीं तरी लक्ष देऊन वाचण्यासारखें आहे. आठवीची परीक्षा झालेल्या मुलांस त्यांनीं सांगितलें कीं, पुढल्या वर्षीं पुन्हां या, नववीचा अभ्यास मी स्वतः शिकवितों. वरिष्ठांची परवानगी अगोदर मागितली नाहीं. वर्ग सुरू झाला, तो चालतो असें दिसलें, मग शाळाखात्यास कळविलें. खात्यानें तो मान्य केला. दुसऱ्या वर्षीं त्याच्यापुढचा वर्ग निघाला. अशा रीतीनें, एकहि ठराव अगर अर्ज न करितां, ती शाळा हायस्कूल होत गेली. जो मुलगा पूर्वीं आठवीनंतर हमालीस लागला असता, त्यास आतां पुढें चार पावलें टाकावयास जमीन मिळाली. परवानगीविना नवे वर्ग काढावेत अशी शिफारस आम्ही आमच्या तरुण सहकाऱ्यांस करीत नाहीं. तरीपण हें प्रकरण वाचतांना आम्हांस हंसूं आलें आणि मनांत आनंदहि झाला.

हेडमास्तरकी चालू असतांच त्यांनीं कायद्याचा अभ्यास आरंभिला. त्या काळीं तेथें कायद्याच्या कॉलेजांत न जातां एखाद्या वकिलाच्या कचेरींत बसून ग्रंथ वाचतां येत. एका गोऱ्या वकिलानें त्यांस आपल्या कचेरींत जागा दिली, हें त्या माणसास भूषणावह होय. दीड वर्षाच्या वाचनानंतर १८९७ सालीं भर न्यायालयांत त्यांची तोंडी परीक्षा झाली. परीक्षक एकामागून एक प्रश्न विचारीत होते. उत्तरें बरोबर येत होतीं. आणि उत्तरें बरोबर येतात हेंच एका परीक्षकांस सहन होईना. ह्या वर्णाच्या माणसास सनद मिळतांना आपण पाहूं शकत नाहीं, अशा अर्थाचे हलके शब्द बोलून ते खोलींतून निघून गेले. राहिलेल्यांनीं न्याय केला. यादवी युद्धानंतरचा पुनर्घटनेचा काळ संपल्यापासून फ्लॉरिडांत अशी परीक्षा देऊन वकील झालेले हे पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ.

परीक्षेस बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या खोलीचें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. आपणांस भय असतें उत्तर चुकेल ह्याचें. ह्या परीक्षार्थ्याचें उत्तर बरोबर येणें हाच एका परीक्षकाच्या दृष्टीनें त्याचा अपराध होता.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं.

१२ फेब्रुवारी हा अब्राहम लिंकन ह्यांचा जन्मदिवस. १९०० सालीं तो जॅक्सनव्हिलच्या कृष्णवर्णीय लोकांनीं साजरा करावयाचें ठरविलें, आणि भाषणाचें काम जॉन्सन ह्यांजकडे आलें. नुसतें भाषण करण्याऐवजीं लिंकनवर एक कविता रचावी असें त्यांच्या मनांत आलें. पण दिवस थोडे उरले होते. ते भावाशीं बोलले. रोझमंड तेव्हां बोस्टनहून परत येऊन गांवांत संगीत शिकवीत असे. दोघांनीं मिळून ठरविलें कीं, कविता नको, गाणें करूं. आणि तें एकट्यादुकट्यानें न म्हणतां शाळेच्या पांचशें मुलांकडून म्हणवूं.

गाणें कसें झालें हें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. पहिलें कडवें त्यांनीं ओळीओळीनें जुळविलें आणि तें भावाच्या हातीं दिलें. भाऊ पियानोवर चाल बांधूं लागला. पुढचीं दोन कडवीं रचतांना त्यांनीं कागद लेखणीहि हातीं घेतली नाहीं. घराच्या ओसरीवर येरझारा घालीत ते ओळी मनांतच घोळवीत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें. तें आंवरण्याचा त्यांनीं प्रयत्नहि केला नाहीं. शेवटचें कडवें म्हणजे देवाची प्रार्थना आहे. गाण्याचें नांव ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’. त्यांत लिंकनचें नांव कोठेंहि नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्याच्या जयंतीसाठीं गाणें, त्याची स्तुति नाहीं. जे गाणार त्यांची वाट, त्यांचे बाप-आजे ज्या वाटेनें आले ती, आणि पुढें जी चालावयाची ती, एवढेंच त्यांत आहे.

त्याच्या प्रती छापवून घेण्यासाठीं दोघां भावांनीं न्यूयॉर्कच्या आपल्या प्रकाशकांस लिहिलें, त्या आल्या, आणि ठरल्या दिवशीं पांचशें मुलें तें गाणें गाऊन गेलीं.

पांचशें मुलें! नाताळाच्या उपासनेसाठीं साठ मुलें एका सुरांत आणावयाची म्हणजे काय असतें, हें आम्ही जाणतों. मागच्या रांगेंतील दोघे हमखास चिमटे काढतात. एकास घसा बसल्याची चिठ्ठी घरून येते. खालच्या सुराच्या मुली वरच्या सुराकडे ओढल्या जातात, कारण वरचा सूर ओळखीचा असतो. रोझमंड जॉन्सन ह्यांनीं पांचशेंस कसें सांभाळलें असेल तें देव जाणे. चालहि सोपी नाहीं. ती खालून हळूं चढत जाते, मधें एकदम अंधारी होते, आणि मग अशा उंचीवर जाते कीं तेथें मुलांचे कोवळे कंठच निर्वेध पोंचावेत; आम्हां थोरांचे आवाज तेथें जाऊन फाटतात.

पुढल्याच वर्षीं, ३ मे १९०१ रोजीं, जॅक्सनव्हिलला भयंकर आग लागली. गाद्या करण्याच्या एका कारखान्यांत ठिणगी पडली आणि आठ तासांत दोन हजारांहून अधिक इमारती भस्म झाल्या. सुमारें दहा हजार लोक उघड्यावर आले. स्टँटन शाळाहि गेली. त्या दिवसांत शहरांत शिपायांचा पहारा होता. एका पत्रलेखिका बाईंनीं ह्या आगीवर लेख लिहिला होता. तो पाहण्यासाठीं जॉन्सन त्यांच्याबरोबर नदीकांठच्या बागेंत बसले होते. बाई कृष्णवर्णीयच, पण रंगानें उजळ. काळा मनुष्य गोऱ्या बाईबरोबर बसला आहे अशी कोणीं वर्दी दिली, आणि बंदुका व कुत्रे घेऊन शिपाई आले. त्यांनीं जॉन्सनना धरलें, कपडे फाडले, मारा मारा असा ओरडा सुरू झाला. अशा वेळीं तेथें काय होत असे हें त्या देशाच्या इतिहासांत शेंकडों वेळां लिहिलेलें आहे: झाड, दोर आणि जमाव. जॉन्सन हालले नाहींत. पळाले असते तर तेथेंच संपले असते. एक अधिकारी पुढें आला, त्यानें त्यांस कैद केलें, आणि त्या कैदेनेंच त्यांचे प्राण वांचले. ठाण्यावर जे मेजर बसले होते ते स्वतः वकील, जॉन्सनना न्यायालयांत पाहिलेले. त्यांनीं ओळखलें. आरोप काय, असें जॉन्सननीं शांतपणें विचारिलें, आणि फ्लॉरिडाच्या रिवाजाप्रमाणें ह्या बाई गोऱ्या ठरत नाहींत, हेंहि दाखवून दिलें. तेव्हां सुटका झाली. सनद त्यांच्या उपयोगीं पडली ती अशी. पुढें कित्येक वर्षें ह्या प्रसंगाचीं भयंकर स्वप्नें पडून ते रात्रीं दचकून जागे होत असत.

लवकरच त्यांनीं शाळा सोडिली, गांव सोडिला, वकिलीहि सोडिली. दोघे भाऊ न्यूयॉर्कला गेले आणि एका मित्रासह रंगभूमीसाठीं गाणीं करूं लागले. तीं पुष्कळ गाजलीं. नंतर जॉन्सन सरकारच्या नोकरींत शिरून व्हेनेझुएला व निकाराग्वा ह्या देशांत वकिलात सांभाळीत होते. हा भाग आम्ही भरभर सोडून देतों. तो कीर्तीचा आहे, आणि कीर्तीची हकीकत बहुधा सारखीच असते.

मुलांसाठीं केलेलें तें गाणें मात्र दोघे भाऊ साफ विसरून गेले. हें आम्ही म्हणत नाहीं, त्यांनींच लिहिलें आहे. एका दिवसाच्या समारंभासाठीं केलेलें गाणें. दिवस सरला, गाणें सरलें. पण त्या पांचशें मुलांचें तसें झालें नाहीं. तीं तें म्हणत राहिलीं. शाळा जळाली तरी म्हणत राहिलीं. कांहीं दुसऱ्या गांवच्या शाळांत गेलीं, तेथें त्यांनीं तें म्हटलें. कांहीं मोठीं होऊन शिक्षक झालीं आणि त्यांनीं तें आपल्या मुलांस शिकविलें. लोक नकलून घेऊन तें भजनाच्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवूं लागले. वीस वर्षांच्या आंत तें दक्षिणेंतील संस्थानांत आणि बाहेरहि सर्वत्र पसरलें. १९१९ सालीं कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें तें आपलें गीत म्हणून स्वीकारलें. लोक त्यास आपलें राष्ट्रगीत म्हणूं लागले. हें सर्व केलें कोणीं? कवीनें नाहीं, गायनाचार्यांनीं नाहीं, छापखान्यानें तर नाहींच. दहा-बारा वर्षांच्या मुलांनीं केलें.

येथें आमच्या अनुभवांतील एक बारीकशी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या प्रार्थनामंदिरांतील हार्मोनियमचा भाता फाटका होता. नारायण वामन टिळकांचें एक भजन म्हणतांना दुसऱ्या चरणाच्या शेवटीं वारा संपे, आणि वाजविणारा भाता पुन्हां भरून घेई तोंपर्यंत मुलांस गप्प उभें राहावें लागे. नवी पेटी आली, ती सोय झाली, आम्ही तें विसरलों. मागच्या मे महिन्यांत दूरच्या एका खेड्यांत लग्नास गेलों असतां तेथील शब्बाथशाळेच्या मुलांनीं तेंच भजन म्हटलें, आणि दुसऱ्या चरणाच्या शेवटीं तीं सगळीं एकदम थांबलीं. डोळे मिटून, श्वास धरून थांबलीं आणि मग पुढें गेलीं. आम्हांस कांहीं कळेना. चौकशी करितां समजलें कीं, त्यांस शिकविणारी बाई आमच्या शाळेंत होती. “तेथें थांबून मनांत प्रार्थना करावयाची असते, असें मीं मुलांस सांगितलें आहे,” असें ती म्हणाली. फाटक्या भात्याची हकीकत आम्हीं तिला सांगितली नाहीं. ती थांबण्याची जागा आतां त्या गांवची झाली आहे.

मुलांस जें शिकवावें तें तीं कोठें नेतील ह्याचा नेम नाहीं, आणि म्हणूनच मागील वर्षीं जें घडलें तें आमच्या मनाला लागून राहिलें आहे. आमच्या गायकवृंदांत एक मुलगा होता. तेरा वर्षांचा. त्याचा आवाज असा होता कीं, सरावाच्या वेळीं शिपाईबुवा घंटेचा लोखंडी तुकडा हातांत धरून दारांत उभे राहत आणि घंटा वाजवावयाची विसरत. त्याचे वडील एके दिवशीं भेटीस आले. हंगामी कामावरचा मनुष्य; काम मागल्या सालीं सुटलेलें. फार नम्रपणें म्हणाले, “सर, तुम्ही गाणं शिकवतां तें चांगलंच आहे. पण गाऊन ह्याचं पुढं व्हायचं काय? सायंकाळची शिकवणी लावलीय. दोन्ही एका वेळेला येतात.” आम्हीं त्यांस चहा दिला आणि जॉन्सनचीच गोष्ट सांगितली. ती त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, “पण सर, तो आधीं वकील झाला होता ना?”

ह्याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें, आणि तें असल्याचा आवहि आम्हीं आणिला नाहीं. ज्याच्या घरीं महिनाअखेरीस पीठ उसनें आणावें लागतें, त्यास मुलाच्या गळ्यांतील सोन्याची किंमत आम्हीं काय म्हणून सांगावी? मुलगा शिकवणीस गेला. नाताळांत त्याची जागा मोकळी राहिली. ती दुसऱ्यास द्यावी असें आमच्या मनांत आलें नाहीं. गुण त्यास चांगले पडले. वडिलांनीं पेढे आणिले, ते आम्हीं आनंदानें खाल्ले. ह्या जूनमध्यें तो आपण होऊन परत आला, शिकवणीची वेळ बदलून घेऊन. आणि पहिलाच सूर लावतांना त्याचा आवाज फुटला. त्या वयांत तो फुटावयाचाच. पालकांस आम्ही एवढेंच कळवूं इच्छितों कीं, गणित पुढल्या वर्षीं भरून काढतां येतें, इंग्रजी व्याकरण विसाव्या वर्षींहि शिकतां येतें. परंतु मुलाचा कोवळा कंठ त्यास एक-दोन वर्षेंच उसना मिळालेला असतो. आतां तो खालच्या सुरांच्या रांगेंत उभा राहतो, आणि वरचा सूर आला म्हणजे पुढच्या रांगेकडे पाहतो.

वकिलीचें प्रकरण मात्र अर्धेंच सांगून झालें आहे. जॉन्सननीं वकिली सोडिली, पण विद्या वायां गेली नाहीं. १९१६ सालीं ते वर सांगितलेल्या राष्ट्रीय संस्थेंत रुजू झाले. त्याच्या पुढल्या वर्षीं ईस्ट सेंट लुई ह्या शहरांत कृष्णवर्णीयांची कत्तल झाली, घरें जाळलीं गेलीं, त्यांत मुलेंहि गेलीं. निषेध कसा करावा ह्याचा विचार चालला असतां जॉन्सननीं सुचविलें कीं, न बोलतां चालावें. २८ जुलै १९१७ रोजीं न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध फिफ्थ अॅव्हेन्यू रस्त्यानें सुमारें दहा हजार माणसें गेलीं. घोषणा नाहीं, गाणें नाहीं. कापडानें झांकलेल्या ढोलांचा दबका ठोका तेवढा ऐकूं येत होता. अग्रभागीं होतीं लहान मुलें, पांढऱ्या शुभ्र वस्त्रांत. त्यांच्यामागें पांढऱ्याच वस्त्रांत स्त्रिया. शेवटीं काळ्या पोशाखांत पुरुष. ज्यानें सतरा वर्षांपूर्वीं पांचशें मुलांस गावयास उभें केलें होतें, त्याच्याच सूचनेवरून मुलें ह्या वेळीं मुकाट्यानें चाललीं. ह्या दोन दिवसांत कोणत्या दिवशीं त्यांचा आवाज अधिक दूर गेला हें सांगणें कठीण आहे.

जमावानें माणसास ठार मारणें हा राष्ट्रीय कायद्याखालीं गुन्हा ठरावा ह्यासाठीं त्यांनीं पुढें वॉशिंग्टनला प्रतिनिधींच्या दारोदार खेटे घातले. १९२२ सालीं प्रतिनिधिसभेनें तो मसुदा मंजूर केला. वरिष्ठ सभेंत विरोधकांनीं भाषणें लांबवून लांबवून त्यास मारिलें. त्या दिवशीं जॉन्सन हरले. असा कायदा अखेर झाला तो २९ मार्च २०२२ रोजीं, बरोबर शंभर वर्षांनीं. आणि त्यास नांव दिलें आहे एका मुलाचें. एमेट टिल, वय वर्षें चौदा, १९५५ सालीं मिसिसिपी संस्थानांत मारला गेलेला.

ह्या सर्व धांवपळींत गाणें त्यांनीं सोडलें नव्हतें. गुलामगिरींतील लोकांनीं शेतांत आणि गुप्त प्रार्थनासभांत जीं आत्मिक गीतें रचिलीं, तीं त्यांनीं रोझमंडच्या साहाय्यानें १९२५ व १९२६ सालीं दोन ग्रंथांत प्रसिद्ध केलीं. स्वर भावाचे, प्रस्तावना त्यांची. तीं गीतें रचणाऱ्या एकाहि माणसाचें नांव कोणास ठाऊक नाहीं. ज्यांस अक्षरओळख होणें हाच गुन्हा होता, त्यांनीं हें कसें साधलें, असा प्रश्न त्यांनीं आपल्या एका कवितेंत पूर्वींच विचारला होता. हीं गीतें प्रथम जगापुढें आणिलीं तीं टेनेसी संस्थानांतील फिस्क ह्या मिशनच्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं. विद्यापीठ कर्जांत बुडत होतें म्हणून १८७१ सालीं, म्हणजे जॉन्सन जन्मले त्याच वर्षीं, नऊ मुलामुलींचा मेळ गाण्यासाठीं बाहेर पडला. पुढें लाउडिन नांवाच्या त्यांच्यापैकींच एका गायकानें आपला मेळ घेऊन १८८४ ते १८९० पर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तींत हिंदुस्थानहि होता. त्याच फिस्क विद्यापीठांत जॉन्सन आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत वाङ्मयाचे अध्यापक झाले. म्हणजे मास्तर म्हणून आरंभ आणि मास्तर म्हणूनच शेवट. आम्हांस ह्याचा जो अभिमान वाटतो त्यांत थोडा जातभाईंचा पक्षपात आहे, हें कबूल केलें पाहिजे! २६ जून १९३८ रोजीं मेन संस्थानांत त्यांच्या मोटारीस आगगाडीची धडक बसून ते वारले.

दुसऱ्या वर्षीं न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलें. त्यासाठीं ऑगस्टा सॅव्हेज नांवाच्या शिल्पकार बाईंस एक मूर्ति करावयास सांगण्यांत आलें. ह्या बाईहि फ्लॉरिडाच्याच, जॅक्सनव्हिलपासून जवळच्या गांवच्या. लहानपणीं मातीचीं चित्रें करितात म्हणून उपदेशक वडिलांचा मार खाल्लेल्या. त्यांनीं त्या गाण्याचीच मूर्ति केली. सोळा फूट उंच एक वीणा. वीणेच्या तारांच्या जागीं एकापेक्षां एक उंच अशीं गाणारीं बारा माणसें, त्यांच्या लांब वस्त्रांच्या चुण्या म्हणजे तारा. खालीं त्या सर्वांस तोलून धरणारा देवाचा हात. मूर्ति गिलाव्याची होती. धातूंत ओतावयास पैसा मिळाला नाहीं, आणि प्रदर्शन संपल्यावर इतर गिलाव्याबरोबर तीहि फोडून टाकण्यांत आली. बाजारांत विकण्यासाठीं केलेल्या तिच्या लहान धातूच्या प्रती आणि कांहीं छायाचित्रें तेवढीं राहिलीं आहेत. गाणें तर अद्याप गाइलें जातें.

ह्या वर्षीं तें आमच्या गायकवृंदानें शिकावयास घेतलें आहे. शब्द मूळचेच ठेविले आहेत. मराठी करून पाहिलें, पण ओळी चालींत बसेनात. पहिलें कडवें झालें, दुसऱ्यांत मधला अंधारा भाग अजून कच्चा आहे. वरच्या सुरास चार मुलें कमी पडतात. सराव दर गुरुवारीं शेवटच्या तासानंतर संगीताच्या खोलींत असतो, आणि ज्यांची शिकवणी त्याच वेळीं येते त्यांच्यासाठीं शनिवारीं सकाळीं साडेसातांस.